मायक्रोकंट्रोलरला झोपवायचं आणि टायमरने उठवायचं: गच्चीवरच्या टाकीसाठी सेलवर चालणारा भोंगा

नवी मुंबईत नेरूळ, सानपाडा, वाशी इथल्या सिडकोच्या जुन्या, बिनलिफ्टच्या इमारतींत पाण्याची व्यवस्था साधारण सारखीच असते. जमिनीखाली एक टाकी, तिच्याशेजारी पंप, गच्चीवर दुसरी टाकी, आणि पंपाचं बटण तळमजल्यावर. बटण दाबणाऱ्याला वरची टाकी दिसत नाही. ती भरली हे कळतं तेव्हा मोरबे धरणातून इथवर आलेलं पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातून गटाराला लागलेलं असतं.

उपाय करता येतो. टाकीत फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगणारा, पातळीनुसार चालू-बंद होणारा), जिन्याच्या शेवटच्या मजल्यावर एक छोटी पेटी, पेटीत बझर. टाकी भरत आली की बझर वाजतो आणि जिन्यातून आवाज खालपर्यंत जातो. अडचण आहे ती विजेची. टाकीजवळ प्लग नसतो आणि पावसाळाभर भिजणाऱ्या जागी २३० व्होल्टची वायर ओढणं मला मान्य नाही. तेव्हा हे सगळं सेलवर चालायला हवं, आणि तेही वर्षभर तरी कोणी हात न लावता.

फ्लोट स्विच, सेल आणि बझर थेट जोडले तर? आवाज होईल, पण टाकी भरलेली असेल तोवर होतच राहील. ३० मिलिअँपिअर खाणारा बझर चांगले सेलसुद्धा तीन दिवसांत संपवतो. म्हणून मध्ये मायक्रोकंट्रोलर हवा. तो ठरावीक वेळाने बघेल, टाकी नुकतीच भरली असेल तरच वाजवेल, आणि बाकीचा सगळा वेळ झोपेल. ही झोप कशी लावायची ते या लेखात पायरीपायरीने सांगतो. प्रोग्राम लिहिता येतो, एलईडी लुकलुकवून झाला आहे, पण बोर्ड कधी सेलवर चालवलेला नाही, अशा वाचकासाठी हे लिहीत आहे.

फंक्शन आणि रजिस्टर (चिपचे भाग चालू-बंद करणारे तिच्या आतले कप्पे) यांची नावं मी उच्चाराप्रमाणे दिली आहेत. प्रोग्राममध्ये ती नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगने, शब्दांमध्ये अधोरेषा घालून लिहायची.

आधी हिशेब

साध्या डबल-ए अल्कलाइन सेलची क्षमता कमी प्रवाहावर २००० मिलिअँपिअर-तास धरायला हरकत नाही. तीन सेल एकापुढे एक जोडले की व्होल्टेज ४.५ होतं, क्षमता तेवढीच राहते. आता ८ मेगाहर्ट्झवर चालणारा एटमेगा३२८पी (आर्डुइनो ऊनो आणि प्रो मिनी या बोर्डांवरचा मायक्रोकंट्रोलर) सतत जागा असेल तर तो ५ मिलिअँपिअरच्या आसपास घेतो. २००० भागिले ५ म्हणजे ४०० तास. सतरा दिवसही नाहीत. दर पंधरवड्याला सेल मागणारं यंत्र कोणतीही सोसायटी दुसऱ्या महिन्यात काढून टाकेल.

इथे पुष्कळजण डिले फंक्शनवर विसंबतात. डिले म्हणजे विश्रांती नव्हे. डिलेमध्ये चिप पूर्ण वेगाने एकच प्रश्न विचारत असते, वेळ झाली का, आणि तितकाच प्रवाह खात असते.

खरी झोप वेगळी. एटमेगा३२८पीमध्ये झोपेचे सहा प्रकार आहेत. त्यांपैकी आपल्याला हवा तो पॉवर-डाउन. यात मुख्य घड्याळच थांबतं, त्यामुळे प्रोसेसर थांबतो आणि मिलीस मोजणारा टायमरही थांबतो. रॅममधली माहिती मात्र शाबूत राहते. चिपच्या डेटाशीटप्रमाणे ३ व्होल्टला या झोपेत वॉचडॉग टायमर (चिपला उठवणारा टायमर, तो पुढे येईल) बंद असताना साधारण ०.१ मायक्रोअँपिअर लागतो आणि चालू असताना ४.२. एक मिलिअँपिअर म्हणजे हजार मायक्रोअँपिअर, त्यामुळे ५ मिलिअँपिअरच्या पुढे हा आकडा हजार पटींहून लहान आहे.

सरासरी काढायची रीत सोपी आहे: झोपेतला प्रवाह, अधिक जागेपणीचा प्रवाह गुणिले जागेपणाचा वेळ भागिले पूर्ण फेरीचा वेळ. आपलं यंत्र दर ८ सेकंदांनी ५ मिलिसेकंद जागं राहील असं धरा. ५ मिलिअँपिअर गुणिले ५ मिलिसेकंद भागिले ८ सेकंद म्हणजे सुमारे ३ मायक्रोअँपिअर. ४.५ व्होल्टला झोपेचा प्रवाह थोडा वाढतो म्हणून तो ७ धरू. एकूण १०. या हिशेबाने सेल बावीस वर्षं पुरतील. अर्थात तितकी वर्षं अल्कलाइन सेल स्वतःच टिकत नाही, आणि गच्चीवरच्या उन्हात तर नाहीच. आकड्याचा अर्थ इतकाच की सेल आता यंत्रामुळे संपणार नाहीत, वयामुळे संपतील.

हे १० मायक्रोअँपिअर कागदावर मिळवायला काहीच लागत नाही. बोर्डावर मिळवताना मात्र चिपच्या शेजारी बसलेल्या प्रत्येक वस्तूशी गाठ पडते, आणि खरं काम तिथेच आहे.

बोर्ड कोणता

आर्डुइनो ऊनो नको. त्यावर यूएसबीसाठी दुसरा मायक्रोकंट्रोलर आहे, रेग्युलेटर आहे, दिवा आहे. तुमची चिप गाढ झोपली तरी हे सगळे जागे राहतात आणि मीटरवर कित्येक मिलिअँपिअर दिसत राहतात. नवख्या माणसाला वाटतं की आपला प्रोग्राम चुकला. प्रोग्राम बरोबर असतो.

प्रो मिनी घ्या, ३.३ व्होल्ट ८ मेगाहर्ट्झवाला. लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन सहज मिळतो. मागताना वेग आवर्जून सांगा, कारण ५ व्होल्ट १६ मेगाहर्ट्झवाला बोर्ड दिसायला अगदी तसाच असतो. घरी आणल्यावर तपासायची सोपी युक्ती: सॉफ्टवेअरमध्ये ८ मेगाहर्ट्झ निवडून एका सेकंदाचा ब्लिंक चढवा. दिवा अर्ध्या सेकंदाने लुकलुकला तर हातात १६वाला बोर्ड आला आहे. तो या कामाला नको, कारण १६ मेगाहर्ट्झला चिपला पावणेचार व्होल्टच्या वर पुरवठा लागतो आणि सेल थोडे उतरले की तो मिळत नाही.

प्रो मिनीवर यूएसबी नसतं. प्रोग्राम चढवायला यूएसबी-सीरियल अडॅप्टर लागतो, तो एकदाच घ्यायचा.

तीन सेलची धन बाजू व्हीसीसी पिनला जोडा. रॉ पिनला नको, कारण रॉमधून गेलेला प्रवाह रेग्युलेटरमधून जातो आणि रेग्युलेटर आपला वाटा घेतो. ही चिप ५.५ व्होल्टपर्यंत चालते, नव्या तीन सेलचे पावणेपाच व्होल्ट तिला सहज सोसतात. आपल्या जोडणीत ३.३ व्होल्टच हवे असा दुसरा कोणताही भाग नाही. एकच सावधगिरी: व्हीसीसीला उलट्या जोडणीपासून संरक्षण नसतं. धन-ऋण उलटं झालं तर चिप जाते.

आता बोर्डावरचा पॉवर एलईडी. कितीतरी बोर्डांवर त्याच्यापुढे १ किलोओहमचा रेझिस्टर असतो. साडेचारातून एलईडीचे साधारण २ व्होल्ट वजा केले तर अडीच उरतात, म्हणजे अडीच मिलिअँपिअर. नुसता हा दिवा तेहतीस दिवसांत सेल संपवेल, चिप कितीही झोपली तरी. सोल्डरिंग आयर्नचं टोक लावून एलईडी काढून टाका, किंवा त्याचा रेझिस्टर काढा. हात थरथरत असेल तर बारीक कटरने त्या दोघांमधला तांब्याचा रस्ता तोडला तरी चालतं. रेग्युलेटरला लगेच हात लावू नका, आधी मोजू.

पहिली पायरी: न उठणारी झोप

टायमर आत्ता नको. आधी चिप नीट झोपते का ते बघायचं. दोन्ही गोष्टी एकदम केल्या तर चूक कुठे आहे ते शोधता येत नाही.

एव्हीआर स्लीप ही हेडर फाइल वरती घ्या. सेटअपमध्ये दोन-तीन सेकंदांचा डिले टाका, म्हणजे जोडणी करायला आणि मीटर स्थिर व्हायला वेळ मिळेल. लूपमध्ये पुढच्या ओळी याच क्रमाने येऊ द्या.

सुरुवातीला एडीसीएसआरए या रजिस्टरमध्ये शून्य लिहा. याने ॲनालॉग मोजणारा भाग, म्हणजे एडीसी, बंद होतो. आर्डुइनो तो सुरुवातीलाच चालू करून ठेवतं आणि पॉवर-डाउनमध्येसुद्धा तो आपोआप बंद होत नाही. विसरलात तर दोन-तीनशे मायक्रोअँपिअर तिथेच जातात.

मग सेट स्लीप मोड फंक्शनला पॉवर-डाउन सांगा. नंतर नो-इंटरप्ट्स. इंटरप्ट म्हणजे चालू काम मध्येच थांबवून चिपचं लक्ष वेधणारा इशारा. तो बंद केला की पुढच्या दोन-तीन ओळींच्या मध्ये कोणी येणार नाही. मग स्लीप एनेबल. मग स्लीप बीओडी डिसेबल. बीओडी म्हणजे व्होल्टेज फार उतरलं की चिपला रिसेटमध्ये धरून ठेवणारं राखण. ते झोपेतही चालू राहिलं तर वीसेक मायक्रोअँपिअर घेतं, आपल्या साऱ्या बजेटच्या दुप्पट. ही सोय फक्त नावापुढे पी असलेल्या चिपमध्ये आहे. साध्या एटमेगा३२८मध्ये नाही. चिपवरची अक्षरं भिंगातून वाचून घ्या.

यानंतर इंटरप्ट्स फंक्शनने इंटरप्ट पुन्हा चालू करा आणि लगेच पुढच्या ओळीत स्लीप सीपीयू. या दोन ओळींमध्ये काहीही घालायचं नाही. कारण सांगतो. बीओडीची सूट अवघे तीन क्लॉक, म्हणजे घड्याळाचे तीन ठोके, टिकते, तेवढ्यात झोप लागली नाही तर बीओडी पुन्हा चालू होतं. दुसरं असं, की इंटरप्ट चालू करणाऱ्या सूचनेनंतरची एक सूचना चिप आधी पूर्ण करते आणि मगच इंटरप्टकडे बघते. ती सूचना झोपेची असेल तर झोप आणि उठणं यांत फट राहत नाही. मध्ये दुसरं काही घातलं तर उठवणारा इंटरप्ट झोपेच्या आधीच येऊन जाईल आणि मग झोपलेल्या चिपला उठवायला कोणी उरणार नाही. अशी चूक महिन्यातून एकदा प्रकटते आणि शोधून सापडत नाही. म्हणून सुरुवातीपासून क्रम पाळा.

शेवटची ओळ स्लीप डिसेबल. उठल्यावर प्रोग्राम इथून पुढे चालतो, सेटअपपासून नाही.

मोजायचं कसं

घरोघरी असतो तो स्वस्त डीटी-८३० जातीचा मल्टीमीटर पुरेसा आहे. २००० मायक्रोअँपिअरची रेंज लावा. मीटर सेलच्या धन वायरच्या मध्ये जोडा. यूएसबी-सीरियल अडॅप्टर पूर्ण काढा, कारण त्याच्या सिग्नलच्या तारांमधूनसुद्धा बोर्डाला वीज मिळते आणि मीटर खोटं सांगतो.

रेंजबद्दल थोडं. मीटर प्रवाह मोजतो तो आतल्या एका रेझिस्टरवर पडणारं व्होल्टेज बघून. २००० मायक्रोअँपिअरच्या रेंजला तो १०० ओहमच्या आसपास असतो. चिप जागी होऊन ५ मिलिअँपिअर घेऊ लागली की त्यावर अर्धा व्होल्ट पडतो, बोर्डाला ४ मिळतात, काम निभतं. जास्त बारीक दिसेल म्हणून कोणी २०० मायक्रोअँपिअरची रेंज लावतो. तिथे रेझिस्टर १ किलोओहमचा असतो, ५ मिलिअँपिअरला पाचही व्होल्ट त्यावरच पडायला लागतात आणि बोर्ड सुरूच होत नाही. माणूस बोर्डाला दोष देत बसतो. २०००च्या रेंजवर एक मायक्रोअँपिअरचा फरक दिसतो, आपल्याला तेवढं पुरे. बझर मात्र मोजताना काढून ठेवा.

आता मीटरवरचा आकडा काय सांगतो ते ओळखायला शिका. मला हाच या कामातला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो. रेंज ओलांडून नुसता १ दिसत असेल तर चिप झोपलेलीच नाही किंवा एलईडी अजून जागेवर आहे. दोन-तीनशे दिसले तर एडीसी चालू राहिला आहे. वीस-पंचवीसवर अडकला असेल तर बीओडी. शंभरच्या आसपास असेल तर कुठलीतरी पुल-अप (पिनला धन बाजूकडे ओढून धरणारा आतला रेझिस्टर) लावलेली पिन जमिनीशी, म्हणजे ग्राउंडशी, सेलच्या ऋण बाजूशी जोडलेली आहे. आणि सगळं बरोबर करूनही काही दहा मायक्रोअँपिअर उरत असतील तर संशय रेग्युलेटरवर घ्या: व्हीसीसीने वीज दिली की ती त्याच्या तोंडातून उलटी आत जाते. तो काढून पुन्हा मोजा. आपल्या जोडणीत त्याचं काही काम नाही.

शून्य किंवा एक मायक्रोअँपिअर (रेंज ओलांडल्याचा १ नव्हे) दिसेपर्यंत पुढे जाऊ नका.

दुसरी पायरी: वॉचडॉग लावणं

मुख्य घड्याळ बंद असताना वेळ कोण मोजणार? चिपमध्ये १२८ किलोहर्ट्झचा एक वेगळा छोटा ऑसिलेटर आहे, तो वॉचडॉग टायमरसाठी. प्रोग्राम अडकला तर चिप रिसेट करणं हे त्याचं मूळ काम, पण रिसेटऐवजी नुसता इंटरप्ट द्यायलाही त्याला सांगता येतं. त्या इंटरप्टने चिप उठते. त्याला १६ मिलिसेकंदांपासून ८ सेकंदांपर्यंत दहा ठरावीक वेळा देता येतात. मधली कुठलीही वेळ देता येत नाही.

सेटअपमध्ये, इंटरप्ट बंद ठेवून, चार गोष्टी करायच्या. वॉचडॉग रिसेट फंक्शन चालवा. एमसीयूएसआर रजिस्टरमधला डब्ल्यूडीआरएफ बिट शून्य करा. मग डब्ल्यूडीटीसीएसआर या रजिस्टरमध्ये डब्ल्यूडीसीई आणि डब्ल्यूडीई हे दोन बिट एकदम लावा. हे म्हणजे कुलूप उघडणं. ते फक्त चार क्लॉक उघडं राहतं, म्हणून लगेच पुढच्याच ओळीत त्याच रजिस्टरमध्ये खरी किंमत लिहा: डब्ल्यूडीआयई, डब्ल्यूडीपी३ आणि डब्ल्यूडीपी०. पहिल्याने इंटरप्ट मिळतो, उरलेल्या दोघांनी ८ सेकंद ठरतात. ही किंमत थेट बरोबरच्या चिन्हाने लिहायची. आधीच्या किमतीत मिसळायची नाही, नाहीतर डब्ल्यूडीई लागलेला राहतो आणि रिसेटही चालू राहतो. जुने बूटलोडर (प्रोग्राम चढवून घेणारा चिपमधला छोटा प्रोग्राम) असलेल्या प्रो मिनीवर असा रिसेट झाला तर बोर्ड सुरू होता होताच पुन्हा पुन्हा रिसेट होत राहतो आणि नवा प्रोग्रामही धड चढत नाही.

मग इंटरप्टचं फंक्शन लिहा, आयएसआर, कंसात डब्ल्यूडीटी व्हेक्ट. त्यात एकच ओळ: उठलो नावाचं व्हेरिएबल १ करा. हे व्हेरिएबल व्होलाटाइल म्हणून जाहीर करा, नाहीतर कंपायलरला वाटतं की लूपमध्ये ते कोणी बदलत नाही आणि तो ते पुन्हा वाचतच नाही. हे फंक्शन लिहायलाच विसरलात तर एरर येत नाही. मात्र दर ८ सेकंदांनी प्रोग्राम पुन्हा सेटअपपासून सुरू होतो. हे लक्षण दिसलं की इथे बघा.

लूपमध्ये आता उठलो शून्य आहे तोवर झोपेच्या त्या ओळी पुन्हा पुन्हा चालवा. दुसऱ्याच एखाद्या इंटरप्टने चिप क्षणभर जागी झाली तरी ती परत झोपेल. उठलो १ झालं की ते शून्य करा, मग आपलं काम. तपासणीसाठी तेरा नंबरच्या पिनवरचा एलईडी वीस मिलिसेकंद लावून विझवा. आठ-आठ सेकंदांनी चमक दिसली की पायरी जमली. झोपण्याआधी दिवा विझवायचाच, कारण झोपेत पिना आपली अवस्था धरून ठेवतात, पेटलेला दिवा पेटलेलाच राहतो. सीरियलवर काही छापत असाल तर झोपण्याआधी सीरियल फ्लश करा, नाहीतर शेवटची अक्षरं अर्धवट तुटतात.

हे सगळं तयार मिळणारी लो-पॉवर नावाची लायब्ररी आहे, रॉकेट स्क्रीमची. तिच्यात पॉवर-डाउन फंक्शनला ८ सेकंद, एडीसी बंद, बीओडी बंद एवढं सांगितलं की झालं. ती खुशाल वापरा, पण एकदा हाताने करून मग.

वॉचडॉगचं घड्याळ अचूक नाही, एवढं ध्यानात असू द्या. तापमान आणि व्होल्टेजनुसार दहा टक्के इकडेतिकडे होतं. दहा मिनिटं हवी असतील तर पंचाहत्तर वेळा उठणं मोजायचं, आणि ती नऊ किंवा अकरा भरली तरी चालेल अशाच कामाला हे वापरायचं. टाकी बघायला हे उत्तम आहे. सकाळी पाण्याच्या वेळेला, म्हणजे बरोबर पाचला उठायचं असेल तर डीएस३२३१ हे घड्याळ लावा. ० ते ४० अंशांत त्याची चूक दहा लाखांत दोन इतकीच, म्हणजे वर्षाला सुमारे एक मिनिट. त्याचा अलार्म वाजला की त्याची एक पिन जमिनीला ओढली जाते. ती प्रो मिनीच्या दोन नंबरच्या पिनला जोडून लो लेव्हलच्या इंटरप्टने उठवायचं.

तिसरी पायरी: फ्लोट स्विच

टाकीत लावायचा लोहचुंबक आणि रीड स्विच (लोहचुंबक जवळ आला की जुळणारा स्विच) असलेला फ्लोट घ्या. पाणी वर आलं की संपर्क जुळतो अशा बाजूने तो बसवा, ओव्हरफ्लोच्या पाइपाच्या बरंच खाली. एक वायर जमिनीला, दुसरी तीन नंबरच्या पिनला, मध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर. हा रेझिस्टर लांब वायरवरून येणाऱ्या झटक्यांपासून पिनला वाचवतो.

नेहमीची सवय म्हणजे सेटअपमध्ये पिनला इनपुट पुल-अप करून मोकळं होणं. इथे ती महाग पडते. आतला पुल-अप २० ते ५० किलोओहमचा असतो. संपर्क जुळलेला असताना ४.५ व्होल्टला त्यातून ९० ते २२५ मायक्रोअँपिअर वाहतात, आणि टाकी तर दिवसातला बराच वेळ भरलेलीच असते. सगळी मेहनत करून खाली आणलेल्या प्रवाहाच्या दहा-वीस पट गळती एका स्विचमधून.

म्हणून पुल-अप उठल्यावर लावायचा, एक मिलिसेकंद थांबायचं, पिन वाचायची, आणि झोपण्याआधी ती पिन आउटपुट करून लो ठेवायची. स्विचची दुसरी बाजू जमिनीलाच आहे, त्यामुळे लो पिनमधून काही वाहत नाही. फ्लोटच्याच इंटरप्टने चिप का उठवू नये, या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. तसं केलं तर पुल-अप कायम लावून ठेवावा लागेल. शिवाय टाकीत पाणी पडत असताना फ्लोट डुचमळतो आणि दर डुचमळीला चिप उठेल. टायमरने उठणं इथे खरोखर बरं.

डुचमळीवर इलाज: सलग तीन वेळा संपर्क जुळलेला दिसला तरच टाकी भरली म्हणायचं. चोवीस सेकंदांचा उशीर होतो, फ्लोट खाली बसवण्याचं कारण तेच. रिकामी झाल्याचंही तसंच, सलग तीन वेळा संपर्क सुटलेला दिसला तर.

चौथी पायरी: बझर कधी वाजवायचा

बझर पिनला थेट जोडू नका. बीसी५४७ ट्रान्झिस्टर मध्ये घ्या, बेसला १ किलोओहम, झोपताना पिन लो.

टाकी भरलेली असेल तेव्हा दर उठण्याला एक छोटी पीप, हे सुचायला सोपं. हिशेब करून बघा. ३० मिलिअँपिअर, ०.२ सेकंद, दर ८ सेकंदांनी: सरासरी ७५० मायक्रोअँपिअर. सेल एकशे अकरा दिवसांत संपले. त्याउलट टाकी रिकामीची भरली झाली त्या एका क्षणाला दहा पीप दिल्या, तर एका भरण्याला लागतात ०.०२ मिलिअँपिअर-तासांहूनही कमी. दिवसातून दोनदा टाकी भरली तरी वर्षाला बारा-तेरा मिलिअँपिअर-तास. म्हणून प्रोग्राममध्ये आधीची अवस्था आणि आताची अवस्था अशी दोन व्हेरिएबलं ठेवा आणि बदल झाला तरच वाजवा. कोणाच्या कानावर पडलं नाही तर, या भीतीने मिनिटाभराने आणखी एक-दोनदा वाजवायला हरकत नाही.

ईएसपी३२ वापरणाऱ्यांसाठी

फोनवर निरोप हवा असेल तर वाय-फाय लागतं, आणि मग बहुतेकजण ईएसपी३२ घेतात. त्याची डीप स्लीप लावायला सोपी आहे: टायमर वेकअप एनेबल करणाऱ्या फंक्शनला मायक्रोसेकंद द्या आणि डीप स्लीप स्टार्ट करा. पण उठल्यावर तो पुढच्या ओळीवर येत नाही, सेटअपपासून सुरू होतो, आणि साधी व्हेरिएबलं पुसली जातात. टिकवायची असतील ती आरटीसी डेटा ॲट्र असं लिहून आरटीसी मेमरीत ठेवावी लागतात.

एक सापळा सांगून ठेवतो. एका तासाची झोप म्हणून ६० गुणिले ६० गुणिले १० लाख असं लिहिलं तर उत्तर ३६० कोटी येतं, आणि साध्या इंटिजरमध्ये २१४ कोटींच्या पुढे मावत नाही. पस्तीस मिनिटांपर्यंत सगळं ठीक चालतं आणि पुढे झोपेची वेळ भलतीच होते. आकड्याच्या शेवटी यूएलएल लावा, म्हणजे तो मोठ्या इंटिजरमध्ये मोजला जातो.

डेटाशीटमध्ये या झोपेला १० मायक्रोअँपिअर दिले आहेत, पण बाजारातल्या डेव्हलपमेंट बोर्डावर कित्येक मिलिअँपिअर दिसतात. तिथला एएमएस१११७ रेग्युलेटर एकटाच ५ मिलिअँपिअरच्या आसपास घेतो. आणि बोर्ड सुधारला तरी वाय-फाय जोडायला लागणारा वेळ उरतोच. दर दहा मिनिटांनी ५ सेकंद सरासरी १०० मिलिअँपिअर लागले तर फेरीची सरासरी ८३० मायक्रोअँपिअर होते, झोपेचे १० त्यात हरवून जातात. तिथे झोप आणखी गाढ करण्यात अर्थ नाही. उठण्याच्या फेऱ्या कमी करा, आणि सांगण्यासारखं काही बदललं असेल तरच वाय-फाय चालू करा.

पेटी आणि दमट हवा

खाडीच्या काठावरच्या या शहरात जून ते सप्टेंबर हवा ओली असते आणि मायक्रोअँपिअरच्या हिशेबात ती सरळ उतरते. ४.५ व्होल्टला ४५० किलोओहमचा ओलसर रस्ता १० मायक्रोअँपिअर पळवतो, म्हणजे पूर्ण यंत्राच्या खर्चाएवढा. सोल्डरिंगनंतर उरलेला चिकट फ्लक्स ओल धरतो आणि असा रस्ता तयार करतो. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने घासून स्वच्छ करा, पूर्ण वाळू द्या, मग वरून कॉन्फॉर्मल कोटिंगचा फवारा मारा. सेलहोल्डरच्या स्प्रिंगांवर आणि रिसेट बटणावर तो जाऊ देऊ नका.

पेटीला वायरचं भोक खालच्या बाजूने पाडा आणि वायर आत शिरण्याआधी तिला खाली एक वळसा द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी वळशाच्या तळाला टपकेल. पेटी बंद करण्याआधी झोपेचा प्रवाह एकदा मोजा आणि तारखेसह झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. जुलैच्या मध्यावर पुन्हा मोजा. आकडा दुप्पट झाला असेल तर प्रोग्राम उघडू नका, आधी बोर्ड आणि सेलहोल्डर पुसून वाळवा.